फेरूलमामा

भोसरी एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, एक फेरूलमामा हमखास सापडतो. पन्नाशी ओलांडलेली, आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, खिशात टेस्टर, चष्मा कपाळावर. दोन्ही टोकांना नंबरचं पिवळं फेरूल नसलेली वायर त्याच्या लेखी बेवारस. घरी टीव्हीमागच्या केबलींनाही नंबर आहेत. मामी झाडताना ते निघाले, तर त्या दिवशी जेवणाआधी पुन्हा बसतात.

रंगांचं सोवळं तर विचारू नका. पॉवरला काळी, एसी कंट्रोलला लाल, चोवीस व्होल्ट डीसीला निळी, अर्थिंगला हिरवी-पिवळी. निळी संपली म्हणून नव्या पोराने एकदा डीसीला लाल टाकली. मामा ओरडला नाही. शांतपणे सगळी उपसली आणि म्हणाला, "आता जा, निळी घेऊन ये. चालत."

लग क्रिंप केला की वायर ओढून बघायची, हा त्याचा नित्यनेम. पॅनलमध्ये हजार टोकं असली तरी हजार वेळा. मग बझरवर बेल मारायची. पण ओढायची खोड पॅनलपुरती राहिलेली नाही. पुतणीच्या लग्नात त्याने मांडवाची झालर ओढून बघितली. ती अर्ध्या व्याह्यांसकट खाली आली. "लूज होती," एवढंच तो मंडपवाल्याला म्हणाला.

ड्रॉइंग मात्र साहेब काढतात. साहेब म्हणजे कालपरवा बीई झालेला मुलगा. त्याने इमर्जन्सी स्टॉपला १३-१४, म्हणजे एनओ कॉन्टॅक्ट दाखवला होता. मामाने चष्मा खाली ओढला.

"साहेब, हे असं जोडलं तर बटण दाबल्यावर मशीन चालणार आणि फिरवून सोडल्यावर थांबणार. ऑपरेटरचा हात अडकला, तर दुसऱ्या हाताने त्याने बटण फिरवत बसायचं का?"

साहेबांनी एनसी केला. म्हणजे बटण दाबलं की सर्किट तुटणार, आणि उद्या उंदराने वायर कुरतडली तरी मशीन थांबणारच. ड्रॉइंगवर 'रिव्हिजन १' असं आलं, खाली सही साहेबांची. मामाला त्याचं काही नाही.

त्याचं दुखणं वेगळंच. चॅनलमध्ये ओळंब्यात रचलेल्या त्या वायरी शेवटी झाकणाखाली जातात. म्हणून कस्टमर तपासणीला आला की मामाला नेमकं झाकण सापडत नाही. साहेब पीएलसीचं प्रोग्रॅमिंग समजावत असतात आणि कस्टमर वायरिंगचा फोटो काढत असतो. फोटो निघाला की झाकण सापडतं. ते बाकाखालीच असतं, दर वेळी.

तेव्हा डिझायनर मंडळींनो, ड्रॉइंग नीट तपासून बुधवारपर्यंत पाठवा. गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, आणि मामा शेजाऱ्यांचा फ्रिज उघडून बसलेला असतो.