चौथं पातं मागणाऱ्या सद्गृहस्थांस

रा. रा. रिव्हेटमोजे यांस,



आपलं खरं नाव मला माहीत आहे, पण छापत नाही. एक तर आपण आमच्या ह्यांचे नोकरीतले जुने सहकारी. दोन्ही घरांत अजून फराळाचे डबे जातात-येतात, आणि आपल्या घरच्या अनारशांवर माझा राग नाही. दुसरं म्हणजे आपण एकटे नाही. प्लास्टिकची जहाजं जोडणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी बोटीच्या पत्र्यांवरचे रिव्हेट मोजत बसणारे एक रिव्हेटमोजे लिहिलेले असतात. म्हणून पत्र खुलं.

गुन्हा थोडक्यात असा. आपण आलात, चिवड्याची बशी हातात घेतलीत आणि काचेच्या कपाटाकडे आपली नजर गेली. आत टायटॅनिक होती. प्रमाण १/४००, म्हणजे खरी २६९ मीटरची बोट नाळेपासून पिछाडीपर्यंत सदुसष्ट सेंटीमीटरांत बसवलेली. "अरे वा! केवढी चिकाटी तुझी!" असं आपण ह्यांना म्हणालात. ह्यांनी प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट दाखवलं. आपण वळून "छान हं, वहिनी" म्हणालात आणि पुढचा प्रश्न पुन्हा ह्यांनाच टाकलात, "एअरब्रश कुठला वापरतोस?" ह्यांचा ब्रशाशी संबंध सकाळी दात घासताना येतो, तेवढाच. चहाचं निमित्त करून ते स्वयंपाकघरात सटकले ते आपण जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मग आपण गुडघ्यांवर बसलात, चष्मा कपाळावर चढवलात, पिछाडीखाली डोकावलात आणि निकाल दिलात. "मधला पंखा चुकलाय. चार पाती हवीत. खोक्यात चारच येतात, वहिनी. तुमचं एक तुटलेलं दिसतंय."

तुटलं नाही हो. मी चारही पाती मुळापासून कापली, मधल्या बोंडावर एकशे वीस अंशांनी तीन खुणा केल्या आणि तीनच परत चिकटवली. चौथं माझ्या डबीत होतं. ते या पत्रासोबत चिकटपट्टीवर लावून पाठवत आहे. आपलंच आहे, जपून ठेवा.

तर मी हे सांगायला तोंड उघडलं, तोच आपण फोन काढून फोटो दाखवलात. गोदीत उभं जहाज, अवाढव्य प्रोपेलर, त्यांच्या खाली टोप्या घातलेली माणसं, मधल्या पंख्याला चार पाती. खाली ठळक अक्षरांत 'टायटॅनिक'. "हा घ्या पुरावा," म्हणालात. फोटो सुंदर आहे, चार पातीही खरी आहेत. जहाज तेवढं ऑलिंपिक आहे.

आपल्यासारख्या अभ्यासू माणसाला हे सांगायचं म्हणजे धाडसच, पण टायटॅनिकची थोरली बहीण ऑलिंपिक. दोघी बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फच्या, शेजारशेजारच्या धक्क्यांवर बांधलेल्या. थोरली जून १९११ मध्ये पहिल्या सफरीला निघाली आणि १९३५ पर्यंत अटलांटिकवर ये-जा करत राहिली. एवढ्या वर्षांत तिचे मन मानेल तितके फोटो निघाले. धाकटीच्या चाचण्या २ एप्रिल १९१२ ला झाल्या, १० तारखेला तिने साउदॅम्प्टन सोडलं आणि १५ तारखेच्या पहाटे ती तळाला गेली. फोटो काढणार कोण आणि कधी? पुढे फादर झालेले फ्रान्सिस ब्राउन नावाचे एक जेझुइट साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन तिच्यावर होते, आयर्लंडला उतरले, आणि त्यांनी टिपलेले फोटो आज आपल्या हातात असलेल्या मोलाच्या चित्रांपैकी आहेत. बाकी वर्तमानपत्रांनी, पोस्टकार्ड छापणाऱ्यांनी आणि पुढे पुस्तकवाल्यांनी ऑलिंपिकचे फोटो घेतले आणि खाली धाकटीचं नाव घातलं. शंभर वर्षं हेच चाललं आहे. आपण फक्त शेवटचं टोक.

टायटॅनिकच्या मधल्या प्रोपेलरचा, जागेवर बसवलेला, असा एकही फोटो उपलब्ध नाही. बुडालेल्या जहाजावर जाऊन पाहावं, तर बाजूचे पंखे दिसतात आणि मधला चिखलात गाडलेला आहे. उरला कागद. मार्क चर्नसाइड या संशोधकाने हार्लंड अँड वुल्फच्या नोंदींतून टायटॅनिकच्या मधल्या पंख्याला तीन पाती असल्याचं पुढे आणलं. त्यावर अजून वाद घालणारे आहेत. मी नोंदवहीच्या बाजूने उभी राहिले, कारण ती बांधणाऱ्यांची आहे. आपण फोटोखालच्या ओळीच्या बाजूने उभे राहिलात, आणि ती कुणी लिहिली हे विचारायची आपल्याला गरज वाटली नाही.

आपली दुसरी तक्रार बोटीच्या अंगाबद्दल, "हल पुरेसं काळं नाही." खरं आहे. बाटलीतला काळा मी जसाच्या तसा मारलेला नाही, त्यात करडा मिसळला आहे. दुरून पाहिलेला काळा रंग काळा राहत नाही, मधली हवा त्याला फिकट करते. मॉडेल करणारे म्हणून प्रमाण जितकं लहान, तितका रंग उजळतात. शुद्ध काळा मारला की सदुसष्ट सेंटीमीटरांचं जहाज खेळण्यातलं दिसायला लागतं. आपण मात्र "काळा म्हणजे काळा" म्हणालात आणि धुराड्यांकडे वळलात. धुराड्यांचा पिवळसर तपकिरी रंग नेमका कोणता, यावर जगभर हातघाईची भांडणं आहेत, कारण रंगीत फोटो नाही आणि त्या काळची हाताने रंगवलेली पोस्टकार्डं एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे आपण एकदम "हं, बरोबर" म्हणालात. जिथे कुणालाच खात्री नाही, तिथे आपल्याला होती. मी मनात दंडवत घातलं.

आणि मग रिव्हेट. "हलवर रिव्हेट दिसत नाहीत, वहिनी. टायटॅनिकला तीस लाख रिव्हेट होते." आकडा सगळीकडे असाच सांगतात, त्याबद्दल भांडत नाही. आपण मोजायला बसलाच आहात, तर मीही थोडं मोजते.

इंचभर जाडीचा रिव्हेट १/४०० ला किती होतो? सहा शतांश मिलिमीटर. माझ्या डोक्यावरचा एक पिकलेला केस घ्या, साधारण तेवढीच जाडी. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचे हात, त्यावर मॅट वार्निश. खालचा तीस लाखांचा खजिना गुडूप. दिसावेत म्हणून कारखान्याने ते उठावदार केले, तर प्रमाणाने ते फुगलेल्या पुऱ्यांच्या मापाचे होतील, आणि मग आपणच म्हणाल, एवढे मोठे रिव्हेट कुठे असतात?

आता अंतराचं गणित. आपण कपाटापासून हातभर लांब, म्हणजे साठ सेंटीमीटरांवर होतात. चारशेने गुणा. साउदॅम्प्टनच्या पाण्यात ती बोट आपल्यापासून २४० मीटरांवर उभी आहे. तेवढ्या लांबून आपल्याला रिव्हेट दिसले असते का? मला तर डेकवरची माणसंही नीट ओळखू आली नसती. माझ्या प्रमाणात पावणेदोन मीटरांचा गृहस्थ चार-साडेचार मिलिमीटरांचा होतो. त्याच्या कोटाची बटणं मागितली नाहीत, ही आपली मेहरबानी.

प्रमाणाच्या बाहेर जाणाऱ्या गोष्टी माझ्या मॉडेलवर आहेतच, फक्त त्या आपण पाहिल्या नाहीत. पितळी कठडे घ्या. ॲसिडने कोरलेला तो पत्रा एक दशांश मिलिमीटरभर जाड असतो. चारशेने गुणलं की कठड्याचा एकेक गज चार सेंटीमीटरांचा. खऱ्या बोटीवर एवढा जाडजूड गज कुणी लावला नसता. तरीही मी तो लावला, भुवया कोरायच्या चिमट्याने, घरातले पंखे बंद करून, घाम पुसत. कारण कठडे नसले तर डेक बोडका दिसतो, दुरूनही. रिव्हेट नसले तर काहीच बिघडत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे फूटपट्टी सांगत नाही, आणि खोक्यातला कागदही नाही.

धुराड्यांचे ताण पाहिलेत का? चार धुराड्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा. सगळे भाग ज्या चौकटीला लटकून येतात, त्या स्प्रूची कांडी ज्योतीवर धरायची, मऊ पडून लवायला लागली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायची. केसासारखा धागा निघतो. हळू ओढला तर जाड, घाईत ओढला तर तुटतो. मी हे देवघरातल्या निरांजनावर केलं. सासूबाई म्हणाल्या, देवाला वास येतो. वास येतोच, म्हणून खिडकी उघडायची, आणि खिडकी उघडली की वाऱ्याने धागा उडून जातो. त्या तारांकडे आपण साफ दुर्लक्ष केलंत. होड्या मात्र मोजल्यात. सोळा लाकडी आणि चार घडीच्या, एकूण वीस. त्या वीसच भरल्यामुळे आपण काही बोलला नाहीत. बरोबर असलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं नसतं, हा आपला नियम माझ्या लक्षात आला.

वरच्या ए डेकची पुढची अर्धी बाजू खिडक्यांनी बंद आहे, तेही आपल्याला दिसलं नाही. ऑलिंपिकवर तो डेक टोकापासून टोकापर्यंत उघडा होता. दोन बहिणी लांबून ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. त्याखालच्या बी डेकच्या खिडक्या टायटॅनिकवर कमीजास्त अंतरावर आहेत, कारण तिथे जादा केबिन काढल्या होत्या. थोरलीवर त्या सरळ एका मापाने चालल्या आहेत. पोर्टहोल मी हाताच्या बारीक ड्रिलने एकेक आरपार पाडले आणि आतून फेव्हिकॉलचा थेंब सोडला. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि काच बसवल्यासारखा चमकतो. आपण पंखा पाहायला पिछाडीला गेलात आणि तिथूनच परतलात, त्यामुळे आपल्या वाटेत यातलं काही आलं नाही.

आता थोडं आपल्या घरचं. विषय निघाला म्हणून आपल्या सौभाग्यवतींनी मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आपल्या माळ्यावर मॉडेलची खोकी रचून ठेवली आहेत, वरच्या पारदर्शक कागदासकट. त्यांत एक जपानी युद्धनौका यामातो आहे. ती अजून उघडली नाही, कारण करडा रंग ठरत नाही. तामिया कंपनीच्या, जपानी आरमाराच्या करड्या रंगाच्या चार वेगळ्या बाटल्या मिळतात: कुरे, सासेबो, माइझुरू आणि योकोसुका, चार आरमारी गोद्यांच्या चार छटा. आपण चारही आणल्यात. त्या म्हणतात, चारही वाळल्या. साहेब, यामातो कुरेला बांधली. पहिली बाटली उघडली असती तरी चाललं असतं.

तेव्हा माझी एक मागणी आहे. पुढच्या वेळी येताना एक खोकं घेऊन या. कोणतंही चालेल. टेबल माझं, दिवा माझा, चिमटे माझे, भिंगही देते. आपण फक्त एक कठडा बसवायचा, नाळेवरचा, जिथे तो वळतो. वळणावर वाकवताना पितळ एकदाच माफ करतं, दुसऱ्यांदा तुटतं. सुपरग्लू बोटाला लागला तर घाबरू नका, ॲसिटोन आहे. मी शेजारी बसून चिवडा खाईन आणि मोजेन.

ह्यांचा नमस्कार. ते विचारतात, एअरब्रश म्हणजे नक्की काय?

लोभ आहेच, तो वाढवण्याची घाई नको.

आपली,
कपाटातली बोट जोडणारी वहिनी

ता. क. बूट घालताना आपण दारात हळूच म्हणालात, "खरं सांगू का, बुडाली ती टायटॅनिक नव्हतीच. विम्याच्या पैशांसाठी ऑलिंपिकच नाव बदलून पाठवली होती." समुद्रतळावरच्या प्रोपेलरच्या पात्यावर ४०१ हा आकडा दिसला आहे. तो टायटॅनिकचा बांधणी क्रमांक, ऑलिंपिकचा ४००. पण ते राहू द्या, त्यावर आपलं उत्तर तयार असेलच. मला पडलेला प्रश्न साधा आहे. आपल्या मते फोनमधला चार पात्यांचा फोटो टायटॅनिकचा, आणि आपल्याच मते टायटॅनिक बुडालीच नाही. मग माझ्या कपाटात आहे ते जहाज कोणतं, आणि त्याला पाती किती लावू? आधी यातलं एक नक्की करा आणि चिठ्ठीने कळवा. चौथं पातं तोवर आपल्याकडेच ठेवा, लागलं तर मागून घेईन.