हत्ती मिळेल, पाणी मिळणार नाही

माझा भाचा डॉक्टर व्हायला नांदेडहून लातूरला आला आहे. नांदेडात शिकवण्या नाहीत असं नाही. पण नांदेडची पोरं लातूरला आणि लातूरची नांदेडला गेली नाहीत तर दोन्हीकडच्या मेसवाल्यांनी जगायचं कसं? तर परवा रात्री साडेअकराला त्याच्या खोलीतून हत्तीचा चीत्कार ऐकू आला. जीवशास्त्र इतकं प्रात्यक्षिकासह चाललंय म्हणून कौतुकानं दार लोटलं.

"काय करायलास रे?"

"अभ्यास करायलोय मामा."

पडद्यावर एक चिलखत घातलेला हत्ती किल्ल्याच्या दाराला धडका देत होता.

"कशाचा?"

"इतिहासाचा."

नीटला इतिहास नसतो, एवढं मलाही ठाऊक आहे. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग तो खेळत होता. खेळ १९९९चा, म्हणजे भाच्याहून वयानं मोठा. मध्ययुगातली एक संस्कृती निवडायची, गाव वसवायचं, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याचं गाव जाळायचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे पाच वर्षं चालतं, ते इथं तासाभरात उरकतं.

मी त्याला आपला सरळ प्रश्न विचारला. "यात आपण कुठं आहोत?"

भाच्यानं डोकं खाजवलं. मुळात या खेळात भारतच नव्हता. २०१३ साली 'इंडियन्स' आले. काश्मीर ते कन्याकुमारी सगळा एकच ढीग. एप्रिल २०२२मध्ये त्या ढिगाचे चार वाटे झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड. लातूरकरानं कोणत्या वाट्यात बसायचं हे काही सांगितलेलं नाही. हिंदुस्तानी म्हणावं तर ते दिल्लीचे. द्रविड म्हणावं तर त्यांचे सैनिक तमिळ बोलतात. तशी आम्हाला याची सवय आहे. १९४८पर्यंत निजामाकडे, मग हैदराबाद राज्यात, १९५६ला मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात. कुणाच्या तरी यादीच्या तळाशी चिकटवून घेण्याचा आमचा अनुभव दांडगा आहे. पण व्हिडिओ गेममध्येही मराठवाड्याचा अनुशेष राहावा, हे मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईजवळच्या चहाच्या टपरीवर मी विषय मांडला. आमच्या मंडळात एक निवृत्त गुरुजी आहेत, एक पेंडीचे व्यापारी आहेत आणि एक माजी जिल्हा परिषद सदस्य आहेत. तिघांनीही तो खेळ पाहिलेला नाही, त्यामुळे तिघांचंही मत पक्कं होतं. इतिहासाची मोडतोड खपवून घेतली जाणार नाही. आपली संस्कृती आपणच तयार करून कंपनीला पाठवायची, आणि ती शंभर टक्के अचूक पाहिजे. समिती तिथंच स्थापन झाली. मला सचिव केलं, कारण चहाचे पैसे मी दिले होते.

नावाचा प्रश्न सोपा होता. राष्ट्रकूट! कर्नाटकातल्या नीलगुंद आणि सिरूरच्या ८६६ सालच्या शिलालेखांत त्यांचा राजा अमोघवर्ष 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असं बिरुद मिरवतो. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी मान्यखेटला, पण नावापुढं गाव लातूरचं. पुण्यात फ्लॅट घेतलेला लातूरकर आजही हेच करतो. ८५१च्या सुमाराचा एक अरबी प्रवासवृत्तांत जगातल्या चार थोर राजांत खलिफा, चीनचा बादशहा आणि रूमचा राजा यांच्यानंतर या घराण्याचा 'बल्हरा' मोजतो. हे मी वाचून दाखवलं तेव्हा माजी सदस्यांची छाती इतकी फुगली की टपरीवाल्यानं बाक धरला. आमच्या गावाचा राजा जगात चौथा होता, हे आम्हा चौघांपैकी तिघांना त्या दिवशी कळलं.

भाच्याचं म्हणणं, 'क्रूसेडर किंग्ज' नावाच्या दुसऱ्या एका खेळात राष्ट्रकूट आहेत आणि तो खेळ ८६७ सालापासून सुरू करता येतो. म्हणजे शिलालेख कोरून पुढचंच वर्ष. स्वीडनच्या कंपनीला जे माहीत, ते गंजगोलाईला नाही. पण ही गोष्ट मी समितीला सांगितली नाही. समितीचं कामच संपलं असतं.

व्यापाऱ्यांना राष्ट्रकूटांपेक्षा मराठे हवे होते. ते 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये २००९ पासून आहेत. तिथं खेळ १७०० साली सुरू होतो आणि 'मराठा संघराज्य' कसं ऐटीत उभं असतं! खऱ्या १७०० साली राजाराम महाराज मार्च महिन्यात सिंहगडावर वारले, आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. संघराज्य वगैरे पेशवाईतली पुढची गोष्ट. "पण दाखवलंय तर चांगलं ना?" असं व्यापारी म्हणाले. अचूकतेची व्याख्या मला तेव्हा नीट कळली. चूक आपल्या बाजूची असली की ती अचूक.

मग मी आणि भाचा रात्री कामाला बसलो. मी अस्सल इतिहास सांगायचा, त्यानं तो खेळात बसवायचा.

शेतीपासून सुरुवात केली. भाच्याच्या खेळात शेत करायला साठ लाकडं लागतात. बी नाही, बैल नाही, साठ लाकडं. त्यावर एक माणूस जन्मभर कोळपत राहतो आणि धान्य निघत राहतं. कस संपला की परत साठ लाकडं. असली शेती आमच्याकडं असती तर मी हा मजकूर लिहीत बसलो नसतो. मी म्हणालो, ज्वारी टाक. खरीप, रब्बी टाक. पेरणी झाल्यावर पावसानं तीन आठवडे ओढ दिली असं टाक. १३९६ पासून बारा वर्षं दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, असं परंपरा सांगते, तो टाक.

"बारा वर्षं? मग खेळणाऱ्यानं काय करायचं मामा?"

"आपली माणसं करतात तेच. गाव सोडायचं."

त्यानं ते टाकलं नाही.

मग मी देवगिरी काढली. १२९६ला अल्लाउद्दीनानं वेढा दिला. तिथले राजे रामदेवराव यांच्या माणसांनी घाईघाईत पोती गडावर चढवली होती. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की ती धान्याची समजून चढवली आणि उघडली तेव्हा आत मीठ निघालं.

"म्हंजे वरी फूड दोन हजार दिसायलंय आन् आत मीठ? असला गेम कोण खेळंल?"

"रामदेवरावालाही खेळायचा नव्हता."

व्यापारी गाडीऐवजी लमाणांचा तांडा ठेव म्हणालो. दख्खनच्या फौजांना धान्य पुरवलं ते बैलांच्या पाठीवरून त्यांनीच. ते त्याला आवडलं. लाल कंधारी आणि देवणी बैलही घेतले. माळेगावच्या यात्रेत त्यांच्या किमती ऐकल्यावर घोडदळ परवडतं, हा मुद्दा मात्र त्यानं खोडला.

अमोघवर्षावर आमचं खरं भांडण झालं. चौसष्ट वर्षं राज्य केलेला माणूस, पण लढायांपेक्षा ग्रंथांत रमणारा. संजानच्या ताम्रपटात लिहिलंय की लोकांवरचं संकट टळावं म्हणून त्यानं डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. यापेक्षा आगळी संस्कृती कुठं मिळणार?

"पण त्यानं वाढतंय काय? अटॅक का आर्मर?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रजेसाठी राजानं स्वतःचं काही कापल्याचा फायदा कोणत्या खान्यात दाखवायचा, याचा हिशेब आमच्याही सवयीतून गेला आहे.

शेवटी वरच्या पट्टीकडं लक्ष गेलं. चार खाने: लाकूड, अन्न, सोनं, दगड. मी पाचवा शोधत राहिलो.

"पाणी कुठाय रे?"

"पाण्यात जहाजं चालवायची असतात मामा."

लातुरात बसून हे वाक्य ऐकायचं! एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आमच्या शहरात रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. जहाजं बुडवायला समुद्रभर पाणी देणाऱ्या खेळात तहान लागायची सोयच नाही. घोड्याला नाही, हत्तीला तर नाहीच. मग मी त्याला कंधारचं सांगितलं. राष्ट्रकूटांनी तिथं नुसता किल्ला बांधला नाही, तळं बांधलं. जगत्तुंग समुद्र. समुद्रापासून शेकडो मैल आत बसलेल्या माणसांनी तळ्याला समुद्र म्हणावं, यात अख्खा मराठवाडा आला. आपल्या संस्कृतीचं वैशिष्ट्य एकच ठेव म्हणालो: तळं. ज्याचं तळं भरलेलं, त्याचं राज्य टिकलं. भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मात्र जमंल."

मसुदा घेऊन मी टपरीवर गेलो. गुरुजींनी चष्मा लावून तो तीनदा वाचला.

"हत्ती कुठंयत?"

मी सांगितलं, दार फोडणारे हत्ती खेळात आधीपासून आहेत आणि ते बरोबरही आहेत. देवगिरीच्या दारांवरचे अणकुचीदार खिळे उगीच नाहीत. पण राजाला हत्तीवर बसवण्याचा आग्रह नको. ९४९ला तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाविरुद्ध लढताना चोळांचा राजादित्य हत्तीवरच मारला गेला. उंचावर बसलेला माणूस नेम धरायला सोपा असतो. माजी सदस्यांना हे वाक्य का लागलं कोण जाणे.

"आणि हे तळं? तळ्यात कसलं आलंय युद्ध?" व्यापारी म्हणाले.

उन्हाळ्यात टँकरपाशी या, असं म्हणणार होतो. पण सचिवाला मत नसतं. समितीनं एकमतानं ठराव केला: हत्ती वीस, सिंहासन सोन्याचं, दुष्काळ वगळावा, मिठाची पोती वगळावीत, बोट वगळावं, तळं अनावश्यक. आपला राजा कोणत्याही परिस्थितीत हरू नये, अशी तांत्रिक व्यवस्था करावी. बाकी सर्व इतिहास अचूक असावा.

ठराव कंपनीला गेलेला नाही. पाकिटावर पत्ता इंग्रजीत लिहायचा की मराठीत, यावर समिती फुटली. भाच्याला सराव परीक्षेत इतके मार्क पडले की ते आकडे छापण्यासारखे नाहीत.

कंधारला नांदेडहून एसटी जाते. किल्ला, खंदक आणि जगत्तुंग समुद्र तिथंच आहेत. हत्ती नाहीत; आधीच सांगून ठेवतो.