एका कंटेनरचे दोन मालक आणि उत्तर कुणाकडेच नाही

वाशीम, रिसोड आणि शेजारचा हिंगोली हा पट्टा हळदीचा. शिजवलेलं, वाळवलेलं, ढोलात घालून पॉलिश केलेलं हळकुंड परदेशी गिऱ्हाइकाला विकणं अवघड असलं तरी जमतं. खरी तगमग त्यानंतर सुरू होते. जहाज कंपनी आणि फॉरवर्डर या दोघांकडून एका प्रश्नाचं एकच उत्तर मिळवणं आमच्यासारख्या लहान निर्यातदाराला अजून साधलेलं नाही.

फॉरवर्डरशी माझं भांडण नाही. वर्षाला मोजके कंटेनर पाठवणाऱ्याला जहाज कंपनी भावही धड देत नाही. फॉरवर्डर तिच्याकडून जागा घेतो, कस्टमची कागदपत्रं आणि ट्रेलर सांभाळतो. त्याच्याशिवाय वाशीमचा माल न्हावाशेवा बंदर ओलांडणार नाही. तक्रार आहे ती या दोघांच्या आपसातल्या कारभाराबद्दल. त्यांच्यातल्या प्रत्येक ढिलाईचा भुर्दंड तिसऱ्याच्या पदरी पडतो, आणि तो तिसरा म्हणजे आम्ही.

गेट कट-ऑफचंच घ्या. कट-ऑफ म्हणजे भरलेला कंटेनर बंदराच्या फाटकातून आत जाण्याची शेवटची वेळ. जहाजाचं वेळापत्रक हललं की ही वेळही हलते. जहाज कंपनी त्याचा मेल बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे फॉरवर्डरला पाठवते. तो मेल त्याच्या कार्यालयात शेकडो मेलखाली दबतो. इकडे आमची गाडी शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढून निघालेली असते. मग रात्री फोनवर निरोप येतो: ‘कट-ऑफ अलीकडे आला आहे, कृपया नोंद घ्यावी.’ पाचशे किलोमीटरहून जास्त अंतरावर बसलेल्या माणसानं कशाची नोंद घ्यायची? जहाज सुटतं, कंटेनर पुढच्या जहाजाची वाट पाहतो आणि जागाभाडं आणि डिटेंशन, म्हणजे कंटेनर मुदतीबाहेर अडकून राहिल्याचा आकार, आमच्या नावावर चढतं. जहाज कंपनीला विचारावं तर उत्तर येतं, ‘बुकिंग फॉरवर्डरचं आहे, त्यांच्याशी बोला.’ फॉरवर्डरला विचारावं तर, ‘लाइनकडून अपडेट नाही.’ लाइन म्हणजे जहाज कंपनीच.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला. गाडी आता रातोरात ठाणे जिल्ह्यात पोहोचते. रस्त्यावर वाचलेले तास एका न पोहोचलेल्या मेलपायी वाया जातात, याची मला चीड येते.

यापेक्षा वाईट प्रकार ‘रोलओव्हर’चा. जागा पक्की झालेली असते, कंटेनर बंदरात पोहोचलेला असतो, आणि तरी जहाज त्याला न घेता निघून जातं. मुळाशी दोघांचा एकमेकांवरचा अविश्वास आहे. बुकिंग केलेला सगळा माल येत नाही, हे जहाज कंपनीला ठाऊक असतं. म्हणून ती जागेपेक्षा जास्त बुकिंग घेते. कंपनी आपला कंटेनर मागे ठेवू शकते, हे फॉरवर्डरला ठाऊक असतं. म्हणून काही जण एकाच मालासाठी दोन-तीन कंपन्यांकडे जागा धरून ठेवतात आणि आयत्या वेळी नको असलेली सोडून देतात. मग कंपनी आणखी जास्त बुकिंग घेते. वर्षानुवर्षं हे चाललंय. दोघांनाही आपापलं कारण रास्त वाटतं, आणि मागे राहतो तो कंटेनर कुणाचा, हे दोघंही पाहत नाहीत. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून युरोपकडची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासात दहा-बारा दिवसांची भर पडली, तेव्हा तर हा प्रकार फारच बोकाळला.

रिकाम्या कंटेनरची कथाही ऐका. हळदीसाठी कंटेनर कोरडा, बिनवासाचा आणि बिनछिद्राचा लागतो. तपासायची रीत साधी आहे: माणसानं आत उभं राहायचं, बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि अंधारात कुठून उजेड येतो ते पाहायचं. छताला सुईएवढा जरी कवडसा दिसला, तरी समुद्रावर तिथून पाणी आत येणार आणि खालच्या पोत्यांना बुरशी लागणार. आम्हाला असा कंटेनर मिळाला. छतात भोक होतं आणि आत आधीच्या मालाचा उग्र वास कोंडला होता. यार्डवाले म्हणाले, लाइनची परवानगी आणा. लाइन म्हणाली, फॉरवर्डरमार्फत या. फॉरवर्डर म्हणाला, मेल टाकलाय. ट्रेलरचं उभं राहण्याचं भाडं तेवढं न थांबता चढत राहिलं.

शेवटी कागद. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीच्या, मसुद्यात आमचा पत्ता ‘वाशी, नवी मुंबई’ असा आला. ट्रेलरचा भावही आधी वाशीचाच सांगितला गेला होता. १ जुलै १९९८ पासून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा आहे. निर्यातीच्या धंद्यात बसलेल्यांना एवढं माहीत असावं, ही अपेक्षा जास्त नाही. दुरुस्ती सांगितली की फॉरवर्डर ती लाइनला कळवतो, लाइन मुदत संपल्याचं सांगून दुरुस्तीचं शुल्क लावते, आणि चूक कुणाचीही असो, बिल आम्हाला येतं. फॉरवर्डरनं स्वतःच्या नावानं दिलेल्या बिल ऑफ लेडिंगखालची, म्हणजे हाउस बिलाखालची, सहीसुद्धा नीट वाचावी लागते. तो वाहक म्हणून सही करतो की नुसता ‘एजंट’ म्हणून, यावर माल बुडाला तर दाद कुणाकडे मागायची ते ठरतं. १९९३ च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याप्रमाणे नोंदणी केलेला वाहतूकदार मालाची जबाबदारी घेतो. एजंट हात झटकू शकतो. या धंद्यातल्या नवख्यांना हे कुणी सांगत नाही.

सहकार्य जमतच नाही, हे मला मान्य नाही. मर्स्क आणि हापाग-लॉइड या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्या. फेब्रुवारी २०२५ पासून ‘जेमिनी’ नावानं त्या एकत्र जहाजं चालवतात, एकमेकींचे कंटेनर वाहतात आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजं वेळेवर पोहोचवण्याचं उद्दिष्ट जाहीर करतात. प्रतिस्पर्ध्याबरोबर वेळापत्रक वाटून घेता येत असेल, तर आपल्याला धंदा आणून देणाऱ्या फॉरवर्डरबरोबर आणि त्याच्यामागच्या माल पाठवणाऱ्याबरोबरही ते वाटून घेता आलं पाहिजे. कायदासुद्धा हलला: बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. मेल पाठवण्याची पद्धत बदलायला तर संसदेचीही गरज नाही.

जहाज कंपन्यांना आणि फॉरवर्डर मंडळींना माझी विनंती आहे. जागा धरल्यावर माल आला नाही तर फॉरवर्डरनं भरपाई द्यावी आणि माल मागे ठेवला तर कंपनीनं द्यावी. दोन्ही अटी बुकिंगच्या कागदावरच लिहा. ते होईल तेव्हा होईल. तोवर कट-ऑफ बदलल्याच्या प्रत्येक मेलमध्ये माल पाठवणाऱ्याचाही पत्ता घाला. त्याला पैसे पडत नाहीत.