दम धरू नका

मस्कत,
शुक्रवार, रात्री उशिरा

तीर्थरूप बाबूजी,


व्हिडिओ कॉलवर तुमचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं, म्हणून पत्र लिहायला बसले. धान कापून झालं का? चुरणं कधी काढलंय? आईचा चष्मा नेहमीसारखा हरवलेला असणार, तेव्हा हे पत्र तुम्हीच तिला वाचून दाखवाल. जिथे कंस दिसेल तिथे जरा खोका आणि पुढच्या ओळीवर या.

बाबूजी, माझी तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. नवेगावबांधच्या तलावात मानेला धरून तुम्ही मला बुडवायचात आणि काठावरून ओरडायचात, "दम धर, पोरी, दम धर!" त्या दोन शब्दांवर माझं सगळं पोहणं उभं आहे. इथे पाणबुड्यांच्या शिकवणीत पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं की पाठीवर टाकी असली की काहीही करा, दम तेवढा धरू नका.

शिकवणीला आम्ही तिघंही जातो. दहा वर्षांपुढच्या पोरांना घेतात, त्यामुळे तुमचा नातूही आहे. फुशारकी अर्थातच माझी. इथल्या मंडळींना मी सांगून ठेवलं होतं की आम्ही तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलाच्या गावचे; सात बहिणींच्या डोंगरांत आमचा तलाव असा पसरलाय की समुद्र बघून आम्हाला नवल वाटत नाही. जावईबापू पोहायला शिकले ते निळ्या फरशीच्या टाकीत, हात लांब केला की कठडा. त्यांना मी दोन आठवडे धीर देत होते.

आधी पोहायच्या टाकीतले धडे झाले. चष्म्यात मुद्दाम पाणी घ्यायचं आणि पाण्याखालीच ते बाहेर काढायचं. वर बघायचं, चष्म्याची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात फुंकायचं. म्हणजे आई पदर नाकाला लावून "शिंकर" म्हणायची तेच, फक्त पदर नाही. हे मला फर्स्ट क्लास जमलं. नंतर समुद्र आला.

इथून बोटीने डेमानियात नावाच्या बेटांकडे नेतात. नऊ बेटं आहेत, 1996 पासून राखीव. कासवं तिथे अंडी घालायला येतात. पाणी इतकं नितळ की तळाचे खडक वरूनच दिसतात, आणि घोळ तिथेच झाला. आपल्या तलावात हातभर खालचं दिसत नाही, म्हणून किती खोल आहोत ते कळतही नाही. इथे सगळं कळत होतं.

(दोरी धरून सहा-सात मीटर खाली गेलो आणि माझ्या चष्म्यात चमचाभर पाणी शिरलं. फक्त चमचाभर. पण ते नाकाला लागलं आणि माझी धाप सुरू झाली. वाटलं, टाकीतली हवा संपली. काटा बघितला तर 160 वर, निघताना 200 वर होता! म्हणजे हवा भरपूर, तरी जीव घुसमटलेला. मास्तरांनी नंतर समजावलं की भीतीनं माणूस छातीच्या वरच्यावर भराभर श्वास घेतो, आतली वापरलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, ती साचते आणि मेंदू बोंब मारतो की हवा द्या. मग माणूस आणखी भराभर श्वास ओढतो. मी सरळ वर पळायच्या बेतात होते. मास्तरांनी जॅकेट धरलं म्हणून वाचले.

वर पळणं का वाईट, तेही ऐका. दहा मीटरवर पाण्याचा धरून एकूण दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट जागा मागते, भट्टीतल्या मुरमुऱ्यासारखी फुगते. दम धरलेला असला तर फुफ्फुस फाटतं. तलावात तुमचं चुकत नव्हतं म्हणा. काठावरून नेलेला दम खाली आवळतो आणि वर आला की होता तेवढाच होतो. खाली घेतलेल्याचा हिशेब निराळा.)

मास्तर फिलिपिन्सचे, मराठी कुठून येणार? त्यांनी माझा हात दोरीवर ठेवला, तळवा दाखवून "थांब" सांगितलं आणि छातीपासून हात हळूहळू लांब नेला. सोड, सोड, आणखी सोड. आपल्याकडचं "दमानं घे" ते हेच, असं मला तिथे उमगलं. पण दमानं घ्यायला मनाला काहीतरी काम हवं. म्हणून एका उच्छ्वासाला एक याप्रमाणे मी एकोणतीसचा पाढा धरला. तुमच्या छडीसकट तो मला पाठ आहे. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत गेले आणि एकोणतीस सत्तेवर अडकले. तेव्हा छातीत जी धडधड झाली ती समुद्राची नव्हती, तुमची होती. पण दोनशे तीन आठवेपर्यंत समुद्राची भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

आनंदाच्या भरात मी मास्तरांना अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चला". ते लगेच सगळ्यांना वर न्यायला निघाले. मग तर्जनी-अंगठ्याचा गोल करून दाखवला, तेव्हा थांबले.

पुढे कासव दिसलं. परातीएवढं होतं. त्यालाही श्वासासाठी वरच जावं लागतं, तरी आमच्यासमोरून ते आईच्या वटपौर्णिमेच्या चालीने गेलं.

जावईबापूंची हवा मात्र सगळ्यांत आधी संपत आली. रात्री घोरताना जेवढी लागते तेवढीच त्यांना पाण्यातही लागते, असं माझं निरीक्षण आहे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवतात. ती तीन मिनिटं मी शेजारी असून गप्प होते. बोटीत चढल्यावर ते म्हणाले, हा छंद चांगला आहे.

अजून दोन बुड्या बाकी आहेत. तलावावर पाहुणे पक्षी आले असतील ना? कळवा. मोठ्या भावाला, वहिनीला नमस्कार.

तुमची,
बेबी

ता. क. आई, कंसातलं तू वाचलंसच. म्हणजे चष्मा सापडला. बाबूजींवर ओरडू नकोस, कंस मीच टाकले होते. भाचा गोंदियाहून इकडे निघायच्या आत त्याच्यासोबत सुकवलेले शिंगाडे दे.