परदेशी बाजार कसा करावा : ढाणकीकरांसाठी खास

परदेशातल्या बाजाराला घाबरू नये. ढाणकीच्या माणसाने तर मुळीच नाही. १९४८ पर्यंत पैनगंगा ओलांडली की आपल्याला परदेशच लागायचा. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई; निजामाचं राज्य, त्याची जकात, त्याचा हाली सिक्का. आमचे आजोबा वाढोण्याच्या, म्हणजे आजच्या हिमायतनगरच्या बाजाराला जायचे तेव्हा पासपोर्ट म्हणून खांद्यावर फक्त उपरणं असायचं.

आता पैनगंगेच्या जागी विमान आलं, एवढंच. सुरुवात बँकॉकच्या चतुचाक बाजारापासून करावी. पूर्वी हा बाजार राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा. १९८२ साली इकडे हलवला. शनिवारी आणि रविवारी भरतो. १५ हजारांवर दुकानं आहेत. कुंड्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळं मिळतं, फक्त तुम्ही जे घ्यायला गेलात ते सापडत नाही.

आत शिरण्याआधी मधला घड्याळाचा मनोरा बघून ठेवावा. तो १९८७ साली तिथल्या राजाच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त उभारला. आपल्याला मात्र तो हरवलेली काकू शोधण्यासाठीच बांधलेला आहे असं समजून चालावं. सगळ्यांनी दर तासाला मनोऱ्याखाली जमावं. काकू जमणार नाहीत, त्याची तयारी ठेवावी.

सगळ्यात मोठी चूक आपल्या चांगल्या सवयीमुळे होते. आठवडी बाजारात शहाणा माणूस आधी रिकाम्या पिशवीने एक चक्कर मारतो. कोणाचे वांगे कवळे, कोण तराजूला अंगठा लावतो, सगळं पाहून घेतो, आणि दिवस कलला, पालं सुटायला लागली की भाव पाडून खरेदी करतो. चतुचाकमध्ये ही विद्या बुडवते. ‘परतताना घेऊ’ म्हणून सोडलेलं दुकान पुन्हा दिसत नाही. त्या गल्लीसारख्या आणखी चाळीस गल्ल्या असतात, आणि प्रत्येकीत तीच हत्तीच्या छापाची ढगळ विजार लटकत असते. मी एका पितळी दिव्यासाठी दीड तास फिरलो. शेवटी जो घेतला तो तोच दिवा आहे, असं घरी सांगितलंय.

भाव करताना भाषेची अडचण नाही. ‘थाओ राय?’ म्हणजे ‘कसं दिलं?’ बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवते. आपण तो पुसून अर्धा आकडा दाबावा. ती हसते. आपणही हसावं. मग चार पावलं निघून जावं. ही चार पावलं ढाणकीत जितकी चालतात तितकीच तिथे चालतात. हाक आली तर ठीक. नाही आली तर पाचवं पाऊल टाकू नये, चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून वळावं.

मध्ये भूक लागेल. पेरूच्या फोडी मिरची घातलेल्या साखर-मिठासोबत देतात. खाताना आपण नेमके कोणत्या देशात आहोत याचा घोळ होऊ शकतो; खिशातला पासपोर्ट चाचपावा.

उरला हिशेब. इथे पुन्हा आजोबांकडे वळावं लागतं. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. आजोबा मोगलाईत सात हाली मोजायचे आणि आजीला सांगायचे, ‘सहाच पडले.’ खोटं एका अक्षराचंही नाही. थायलंडचं चलन बात, आणि एका बातला अडीच-तीन रुपये पडतात. दोनशे बातची विजार घेतली तर घरी फक्त ‘दोनशे’ म्हणावं आणि विजार झटकून घडी करायला घ्यावी. ‘दोनशे काय?’ असं विचारणारं माणूस घरात असेल, तर बाजाराला त्यालाच पाठवायला हवं होतं.