गुन्हा कबूल?

सफाळ्याला डहाणू लोकल फलाटात शिरताना दिसली की पुलाच्या पायऱ्या कोणाला आठवत नाहीत. रूळ ओलांडणारा सापडला तर रेल्वे कायद्याचे कलम 147 तयार असते: सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाधिकारी विचारतात, "गुन्हा कबूल?" रांग एका सुरात म्हणते, "कबूल, साहेब." नाकबूल म्हटले की वकील आला, तारीख आली आणि तारखेला बोईसरच्या कंपनीत खाडा आला. खाडा दंडापेक्षा महाग. जपानात 99 टक्क्यांहून अधिक खटल्यांत शिक्षा होते म्हणून कौतुक करणाऱ्यांनी एकदा इकडे यावे.

सत्र न्यायालयात वारे फिरते. तिथे खुनापासून खंडणीपर्यंत सगळेच नाकबूल. तो आरोपीचा हक्कच आहे, सिद्ध करायचे ते सरकारने. मग साक्षीदार फितूर होतात, पंचनामा कुठे झाला ते पंचालाच आठवत नाही आणि आरोपी संशयाचा फायदा घेऊन घरी जातो. पोलीस म्हणतात, कोर्टाने सोडले.

यावर तोडगा म्हणून 5 जुलै 2006 पासून आरोपीला शिक्षेची घासाघीस करण्याची सोय मिळाली. सात वर्षांवरच्या शिक्षेचे गुन्हे वगळून. सफाळ्याच्या भाजीबाजारात हे कोणाला शिकवावे लागले नसते. कोर्टात मात्र गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही.

ही सोय सुरू झाल्यावर सहाच दिवसांनी, 11 जुलैला, सफाळ्याच्या याच पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. 189 माणसे गेली.

विशेष न्यायालयाने 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. कोर्टात आरोपी नाकबूल होते, पण मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलीस अधिकाऱ्यांपुढे दिलेले कबुलीजबाब हाताशी होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते तपासले, तेव्हा वेगवेगळ्या आरोपींचा मजकूर जागोजागी सारखाच निघाला. दहावीच्या परीक्षेत याला कॉपी म्हणतात. ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, आणि बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. 21 जुलै 2025 रोजी बाराही जण निर्दोष सुटले. त्यांतला एक 2021 मध्येच तुरुंगवासात वारला होता.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जावे लागणार नाही, हेही सांगितले.