डाव सुरू होईपर्यंत

नावं घेऊन तक्रार करायची माझी पद्धत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते बहुतेक नात्यातलेच आहेत आणि गणपतीत पुन्हा एकाच पंगतीला बसायचं आहे. तेव्हा खालचा मजकूर निव्वळ नोंद म्हणून वाचावा.

मला बोर्ड गेम आणि व्हिडिओ गेम खेळायला आवडतात. चाळिशी उलटल्यावर हे वाक्य शक्यतो लेखी कळवावं. तोंडी सांगितलं की समोरचा विचारतो, "मुलांसाठी का?" मग त्याला कसनुसं हसून दाखवावं लागतं. गिर्यारोहकाला असं कोणी विचारत नाही. पण ते असो. माझं म्हणणं इतकंच, की या छंदात प्रत्यक्ष खेळणं सगळ्यात कमी आहे. उरलेला वेळ खेळ सुरू व्हायची वाट बघण्यात जातो.

मंडळी रविवारी चार वाजता जमणार असं ठरतं. रविवारी मेगाब्लॉक असतो ही गोष्ट डोंबिवलीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी दर वेळी मंडळींना ती कल्याण स्टेशनवर आल्यावर कळते. साडेपाचला चहा होतो. मग मी नियम सांगायला घेतो. दुसऱ्या वाक्याला आतेभाऊ म्हणतो, "तू सुरू कर रे, खेळता खेळता समजेल." नियम सांगून होईपर्यंत तो फोनमध्ये असतो. शेवटच्या फेरीत हरायला लागला की हाच गृहस्थ अंगठा वर करून विचारतो, "हे आधी कुठे सांगितलं होतंस?"

कटानचंच घ्या. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने १९९५ साली हा खेळ आणला. बेटावर वस्त्या करायच्या, विटा, लाकूड, गहू, धातू, मेंढ्या गोळा करायच्या, एकमेकांशी देवाणघेवाण करायची आणि आधी १० गुण करायचे. दोन फाशांची बेरीज ६ यायची शक्यता छत्तीसात पाच, ८ यायचीही तेवढीच, १२ यायची छत्तीसात एक. एवढंही कोणाला कळणार नाही म्हणून प्रत्येक आकड्याखाली तेवढे ठिपके छापले आहेत. मी ठिपके मोजून ६ आणि ८ वर वस्त्या केल्या. वहिनींनी १२ वर केली, कारण त्यांचं लग्न १२ तारखेचं. त्या दिवशी फासे जे १२ वर अडून बसले ते उठेचनात. गणिताचा असा अपमान मी शाळेतही पाहिला नव्हता. वर आतेभाऊ माझ्याकडे एका विटेला दोन मेंढ्या मागत होता आणि वहिनींना तीच वीट "घे गं, नंतर बघू" म्हणून देत होता. यावर पेटीतल्या नियमपुस्तिकेत काहीही उपाय दिलेला नाही.

चिवड्याचा विषय स्वतंत्र आहे. पत्त्यांना मी प्लास्टिकची पाकिटं घातली, तेव्हा घरात बरंच बोलून झालं. पण पातळ पोह्यांच्या चिवड्यात बोटं घालायची, त्यातला काजू शोधायचा, आणि त्याच बोटांनी गव्हाचा पत्ता उचलायचा, ही पद्धत आमच्याकडे वंशपरंपरागत आहे. पाकिटावर तेलाचा पिवळा ठसा उमटतो. आता उलट्या ठेवलेल्या पत्त्यांतला गहू कुठला, हे ज्याने चिवडा खाल्ला त्याला कळतं. मी तेव्हापासून चमचे ठेवतो. चमच्याने चिवडा आजवर कोणी खाल्लेला नाही.

मोनोपॉलीत तर नियम वाचणाराच गुन्हेगार ठरतो. कोणी जागा घ्यायची नाकारली तर तिचा लिलाव करायचा आणि फ्री पार्किंगवर काहीही मिळत नाही, असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं आहे. मेहुणा म्हणतो, "आमच्याकडे लिलाव नाही करत, आणि दंडाचे पैसे मध्ये ठेवतात." या 'आमच्याकडे'पुढे अपील नाही. लिलाव नसल्यामुळे आणि वरून फुकटचे पैसे फिरल्यामुळे डाव रात्रीच्या जेवणापर्यंत लांबतो, आणि मग हाच म्हणतो, खेळ कंटाळवाणा आहे. मुळात हा खेळ एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'वरून आला. जागेच्या भाड्याने मालक कसा गबर होतो आणि भाडेकरू कसा बुडतो हे लोकांना दिसावं, म्हणून त्यांनी तो रचला आणि १९०४ साली पेटंट घेतलं. मेहुण्याने यातून धडा घेतला आहे. त्याने दुसरा फ्लॅट बुक केला.

भांडणं नकोत म्हणून मी 'पॅन्डेमिक' आणला. २००८चा हा खेळ. यात सगळ्यांनी मिळून चार रोगांशी लढायचं, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. प्रत्यक्षात तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखा चालतो. बँकेतून निवृत्त झालेले काका एकटे ठरवतात, बाकीचे माना डोलावतात. "तू कैरोला जा. तू तिथेच थांब. तुझे पत्ते दाखव." जग बुडालं तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही लोकांनी ऐकलं नाहीत."

माणसं नकोत म्हणून व्हिडिओ गेमकडे वळावं, तर तिथे यंत्र वाट बघायला लावतं. 'बाल्डर्स गेट ३' डिस्कवर १५० जीबी जागा मागतो. एवढी जागा करायची म्हणजे भाच्याच्या मुंजीचे व्हिडिओ कुठे हलवायचे यावर घरात बैठक होते. रात्रभर डाउनलोड झाल्यावर सकाळी कळतं, अपडेट आलंय. तेही झालं की आधी पात्र घडवायचं असतं. केस, वर्ण, दाढी, शिवाय दोन डोळ्यांना दोन वेगळे रंग देता येतात. माझा रविवार डाव्या डोळ्यात गेला.

'एल्डन रिंग' हा २०२२चा गाजलेला खेळ मधेच थांबवता येत नाही. एकट्याने खेळत असलात तरी नाही. मार्गिट नावाचा राक्षस अखेर टेकीला आला होता, त्याची चतकोर ताकद उरली होती, आणि आईने आतून हाक मारली, "गिरणी बंद होईल, दळण घेऊन ये." थांबवता येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "टीव्हीच आहे ना तो?" मागे वळून उत्तर देईपर्यंत पडद्यावर लाल अक्षरांत माझ्या मृत्यूची बातमी आली. दळण आणलं. वीस मिनिटं रांग होती.

'द विचर ३'मध्ये नायक आपली हरवलेली मानसकन्या शोधत असतो. वाटेत खानावळी लागतात, तिथे ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव चालतो, आणि तो फार चांगला आहे. जसे दिवस जातात तशी नायकाची दाढी वाढते. बायकोने एकदा मागे उभं राहून हे सगळं पाहिलं आणि विचारलं, "पोरगी हरवलीय ना याची?" मग दाढीकडे बघून म्हणाली, "बरेच दिवस झालेले दिसतात." हा पडद्यावरच्या माणसाविषयीचा शेरा होता असं मी धरून चाललो आहे.

तरीही ज्यांना खरंच खेळायचं आहे त्यांनी रविवारी यावं. चौथा गडी आमच्याकडे कायम कमी असतो. मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघावं, फोन पिशवीत ठेवावा, चिवडा घरून खाऊन यावा. आणि हरायला लागल्यावर "आमची गाडी चुकेल" असं सांगून उठू नये. डोंबिवलीहून कल्याणला जाणारी शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर असते.